सुमे, तुझा रविवारचा धिंगाणा

सुमे, ती विजेची पेटी बिघडलेली नव्हती. तो खटका मीच सरकवला होता.

आता सांगून टाकते. आपल्या बालवाडीचं ते स्नेहसंमेलन आठव, पोरांची केळी केली होती ते. अंगाला पिवळा पतंगी कागद, डोक्यावर हिरवे शेंडे. तू गळ्यात गिटार अडकवून स्टेजच्या कोपऱ्यात उभी, आणि माझ्याकडे एकच काम, पडदा ओढायचं. पण नुसता पडदा ओढून गप्प बसेन तर ती मी कसली! ती पेटी विंगेत माझ्या शेजारीच स्टुलावर ठेवलेली. बटण दाबलं की आपोआप ढोल वाजवणारी. पुढच्या रांगेत पाहुणे बसलेले आणि हिचा ढोल आपला धाडधाड. मला वाटलं, आवाज जरा कमी करावा. पेटीला दोन खटके होते, एक आवाजाचा, एक वेगाचा. चष्मा मी घरी ठेवून आले होते, कारण जरीच्या साडीवर चष्मा शोभत नाही अशी त्या वयातली माझी ठाम समजूत होती. घरी राहायला हवी होते मी, स्टेजवर यायला हवा होता चष्मा.

खटका सरकवला आणि ढोल पळायला लागला. घाबरून मी तोच आणखी सरकवला. मग तर तो उधळलाच.

पोरांनी तुझ्याकडे पाहिलं. तू क्षणभर थबकलीस, मान हलवलीस आणि गिटार त्या ढोलाच्या मागे सोडून दिलीस. जे गाणं मी डुलत डुलत बसवून घेतलं होतं, ते पोरं उड्या मारत म्हणायला लागली:

केळं केळं पिवळं केळं,
साल काढली, पळालं केळं!

शेंडे उडाले, कागद फाटले, एक केळं थेट पाहुण्यांच्या मांडीत जाऊन पडलं. पाहुणे त्याला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत बसले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवसापासून बालवाडीच्या दारात आया विचारायला लागल्या, "ते उड्यांचं गाणं आमच्या बाळ्यालाही शिकवाल का?" आणि तू बिचारी ती पेटी घेऊन रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलीस. त्याने उघडली, मिटली, परत दिली. तू ती धुळ्याला भावाकडे नेलीस. त्यालाही काही सापडेना.

"आक्का, मशीनला काय झालं असेल गं?"

"विजेचा दाब," मी म्हणाले. "कमीजास्त होतो आपल्याकडे."

झालं. सांगितलं. आता तू "आक्का, तू म्हणजे ना!" असं म्हणून माझ्या पाठीत धपाटा घालायला हवीस. इकडे पंखा फिरतोय. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. बाकी काही नाही.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला धुळ्याला आले होते. पांढरी साडी नेसून, मागच्या खुर्चीवर. वंदना झाली. मग लोक एकेक करून बोलायला उठले. तू कुठे शिकलीस, कुठे नोकरी केलीस, तुला कुठली शाल मिळाली, सगळं नीट सांगितलं त्यांनी. मलाही बोलायला लावलं. मी तीन स्वच्छ वाक्यं बोलले आणि खाली बसले. "सुमनताई मनमिळाऊ होत्या," हे त्यातलं एक. तू मनमिळाऊ! माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस आणि एकदाही माघार घेतली नाहीस, ती तू. पण तिथे माइकसमोर सांगणार काय? की बाई गेली आणि माझ्याशी भांडणारं आता जळगावात कुणी उरलं नाही?

हे गेले तेव्हा लोक आठवडाभर येत होते. मैत्रीण गेली की कुणी येत नाही, सुमे. लोकांना वाटतं, तिच्या घरी जायचं असतं. तुझ्या घरी सगळे जाऊन आले. माझ्या घरी कोण येणार? मुलगा पुण्याहून फोन करतो. नातू फोन घेऊन "आजी, बोल ना" म्हणतो आणि मी बोलायच्या आत रिसीव्हर आईकडे देतो.

तू पहिल्यांदा बालवाडीत आलीस तो दिवस काल दिवसभर डोक्यात होता. मी मोठी बाई. गाण्याच्या दोन परीक्षा पास. तिसरीला बसायचं राहून गेलेलं, आणि ते राहून गेल्याचं मी अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, नुकसान संगीताचं झालं. तू नवीन बाई म्हणून माझ्यासमोर बसलीस, पाठीला गिटार.

"गाणं कुठे शिकलात?"

"घरीच. धुळ्याला. आमच्या भावाची गाण्याची पार्टी आहे. चौदा एप्रिलला, जयंतीला, आम्ही बठ्ठे वाजवतो, सगळं घर."

"म्हणजे शास्त्रशुद्ध नाही."

"शुद्ध आहे की, आक्का. रोज आंघोळ करते."

मला इतका राग आला! उद्धट आहे पोरगी, असं घरी जाऊन यांना सांगितलं. त्या उत्तरात आणखी काय होतं ते कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा त्यावर तुझ्याशी बोलायची लाज वाटली. तू मात्र पहिल्या दिवसापासून आक्काच म्हणालीस. मी तुला "तुम्ही" म्हणत होते ते तूच दुसऱ्या आठवड्यात मोडून काढलंस.

आपलं भांडण एकच होतं, फक्त ते रोज नव्याने व्हायचं. मी म्हणायची, आधी सूर. लहान मूल कोवळं असतं, त्याच्या कानावर शांत, गोड काहीतरी पडावं, बाजाची पेटी असावी, ओळीत बसावं, हात मांडीवर. तू म्हणायचीस, "मूल आधी अंगाने गातं, आक्का. गळा मागाहून येतो. तू त्याला मांडीवर हात ठेवायला सांगतेस म्हणजे अर्धं गाणं दाबूनच टाकतेस." मी म्हणायची, हा सगळा लग्नातल्या बँडचा प्रकार आहे. तू म्हणायचीस, "मग लग्नात रडतं का कुणी? नवरी सोडून?" तेलाचे रिकामे डबे, भावाच्या पार्टीतला एक जुना छोटा ड्रम, खंजिऱ्या, खुळखुळे, आणि मध्ये तू, साडीचा पदर खोचून गिटार वाजवणारी. टीव्हीवर असलं गाणं लागलं की मी बंद करायची आणि तू तेच सोमवारी माझ्या बालवाडीत आणायचीस. फक्त त्यात केळी घालायचीस, भरताची वांगी घालायचीस, डाळमिलचा भोंगा घालायचीस. पोरांना वाटायचं, रॉक की काय म्हणतात ते जळगावातच तयार होतं.

एका वर्षी तू मला जयंतीला धुळ्याला नेलंस. मिरवणुकीत तुझ्या भावाची पार्टी ट्रकवर, तू ट्रकवर, आणि मी रस्त्याच्या कडेला पर्स छातीशी धरून उभी. जणू पर्सच पळून जाणार होती. थोड्या वेळाने पर्स तुझ्या मामींच्या हातात होती, कशी गेली कुणास ठाऊक. आणि तू ट्रकवरून ओरडलीस, "देखा रे, आक्का नाची राह्यनी!"

"चप्पल चावत होती," मी नंतर सांगितलं.

"दोन्ही पायांना? आणि तालात?" तू विचारलंस.

सुमे, चप्पल चावत नव्हती.

मग आपण दोघी बालवाडीतून निवृत्त झालो. तू घरी रविवारचा गाण्याचा वर्ग सुरू केलास, पण तुझ्या दोन खोल्यांच्या घरी गल्लीतले शेजारी ओरडतात म्हणून तो माझ्या हॉलमध्ये आला. तीन ते सहा वर्षांची पोरं. मी आधी अटी घातल्या होत्या. चपला ओळीत, दहाच्या आत कुणी बेल वाजवायची नाही, आणि मी गाणार नाही. चिवडा करीन, पाणी देईन, नाक पुसीन. गाणार नाही. तू दर वर्षी जूनमध्ये विचारायचीस, "आक्का, यंदा तरी?" आणि मी दर वर्षी, "मी असल्या धिंगाण्यात गळा खराब करणार नाही." कोणता गळा? आरशात बघून दोन परीक्षांचं प्रमाणपत्र आठवणारा तो गळा!

खरं कारण तुला माहीत होतं, तरी तू ते कधी काढलं नाहीस. बालवाडीत तुझ्या वर्गात मी एकदाच गायले होते. तुला ताप होता, म्हणून वर्ग मी घेतला. डोळे मिटून, शांतपणे, मुलांना एक गोड चीज म्हणून दाखवली. डोळे उघडले तर चार-पाच पोरं झोपलेली, आणि बाकीची त्यांच्या अंगावर खडूची भुकटी टाकत होती. तू ताप घेऊन दारात येऊन उभी होतीस. इतकी हसलीस! "आक्का, दुपारी पोरं झोपत नाहीत म्हणून तक्रार असते ना आपली? सापडलं औषध!" मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. पण राग त्याच संध्याकाळी गेला होता गं. मागे भीती राहिली. माझ्या गाण्याने मुलं झोपतात, तुझ्या गाण्याने जागी होतात, हे मला समजलं होतं. शिक्षिकेला असलं काही समजलं की ती चिवडा करायला लागते.

आणखी एक सांगते. शनिवारी चिवडा परतताना मी तुझीच गाणी म्हणायची. कढईवर उलथनं आपटत, जोरात. तू फाटकाची कडी वाजवलीस की लगेच अभंग सुरू करायची. तू आत येऊन म्हणायचीस, "काय भक्ती चाललीय!" चिवडा मात्र दर शनिवारी थोडा करपलेला असायचा. तू कधी विचारलं नाहीस का करपतो ते.

धुळ्याला तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी एस.टी.ने आले. खिडकीची काच सगळ्या रस्त्याने खडखडत होती आणि तू याच रस्त्यावर केलेलं गाणं डोक्यातून जात नव्हतं.

एस.टी. आली धुळ्याची,
खिडकी तिची खुळखुळ्याची!

तुझ्या हाताला सलाइन. दुसऱ्या हाताने पलंगाच्या कठड्यावर बोटं वाजवत होतीस. मला बघितल्यावर कशी आहेस, कधी आलीस, काही नाही.

"रविवार चालू ठेव."

"कोण? मी?"

"मग काय पाहुण्यांनी?"

"मला नाही येत तुझं ते."

"येत नाही म्हणू नकोस. येतं पण लाजते, असं म्हण."

"तू बरी होऊन ये. तोवर सगळं सामान दिवाणाखाली राहील, व्यवस्थित."

"सामान राहील, आक्का. पोरं दिवाणाखाली राहत नाहीत."

मला राग आला. खरं तर रडू येत होतं, पण माझ्याकडे रडण्याच्या जागी रागच येतो, तुला माहीत आहे. मी म्हणाले, आजारी माणसाने एवढं बोलू नये. तू डोळे मिटलेस. म्हणालीस, "बरं. उरलेलं घरी आल्यावर भांडू." मी हो म्हणाले आणि साडेचारची गाडी पकडायला निघाले. साडेचारची चुकली असती तर पाचची होती. पाचची चुकली असती तर तुझ्या मामींकडे राहता आलं असतं. आणि मला बोलायचे शब्द दोनच होते. "बरं, घेते." दोनच, सुमे. गाडीत बसल्यावर ते तयार झाले.

त्यानंतर भाऊंचा फोनच आला. आपल्या भाऊंचा, तुझ्या नवऱ्याचा. एरवी फोनवर "हां, बोला" याच्यापुढे न जाणारा माणूस. "आक्का, सुमन गेली," एवढं म्हणाले आणि फोन धरून राहिले. 

तू गेल्यानंतरचा पहिला रविवार. मला वाटलं, पोरं येणार नाहीत. घरी सांगितलं असेलच. दहाला बेल वाजली. बाहेर सगळी उभी, आणि पुढे चिमी. तुझी ड्रमवाली. समोरचे दोन दात पडलेली, वय वर्षं पाच, आवाज कंडक्टरचा.

"आज सुट्टी," मी दार अर्धवट उघडून म्हणाले.

"बाई नाहीत. माहीत आहे. आईने सांगितलं."

"मग?"

"पण रविवार तर आहे ना?"

मी सगळ्यांच्या हातावर चिवडा ठेवला आणि दार लावलं. ती अंगणात उभी राहून चिवडा खात होती. एवढी पोरं आणि एवढी शांत, असं या घरात कधी झालं नव्हतं. मला हवी होती ना शांतता? ओळीत बसलेली, हात मांडीवर? ती मिळाली. मग फाटक वाजलं, आणि त्यानंतर दिवसभर काहीच वाजलं नाही. संध्याकाळी मी रेडिओ लावला आणि बातम्यांना "हो का?" असं म्हणाले, मोठ्याने.

परवा भाऊ आले. खुर्चीच्या टोकावर बसले. नाशिकला मुलाकडे जाणार म्हणाले, कायमचे. "सामान तुमच्याकडे आहे. मेहुणे म्हणतात, त्यांच्या पार्टीला उपयोगी पडेल. सोमवारी टेम्पो पाठवतो म्हणतात. तुम्हाला त्याची काही..." पुढचं वाक्य त्यांनी माझ्यावर सोडलं.

"न्या," मी म्हणाले. "मला काय करायचंय त्याचं?"

ते गेल्यावर दिवाणाकडे बघत बसले. ती पेटी, तो ड्रम, ते डबे गेले की रविवार गेला. पोरं एकदा येतील, दोनदा येतील, मग दुसरं काहीतरी शिकायला जातील. चित्रकला वगैरे. आणि चुकून कधी तुझी गाठ पडलीच तर तू विचारशील, आक्का, धिंगाणा बंद केलास ना शेवटी? मी काय सांगणार, विजेचा दाब?

आज रविवार. उद्या टेम्पो येईल तेव्हा ड्रायव्हरला काय सांगायचं ते आता ठरलंय. तुझ्या भावाला फोनही करून झाला. तो म्हणाला, "राहू द्या आक्का, आम्ही दुसरं देखी लेऊ." कसं ठरलं ते मात्र तुलाच सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर त्यांना ते गोड वाटेल, आणि ते गोड अजिबात नव्हतं.

सकाळी सामान बाहेर काढलं. जायच्या आधी पुसून द्यावं म्हणून, दुसरं काही नाही. ड्रमवर फडकं फिरवताना नख लागलं आणि तो टण्ण वाजला. खिडकीत लगेच चिमीचं डोकं. कधीपासून उभी होती देव जाणे. "उघडा ना." उघडलं. एकामागून एक सगळी आत आली. चपला कुठेही काढल्या. चिमी सरळ ड्रममागे जाऊन बसली, बाकीच्यांनी डबे घेतले, खंजिऱ्यांवरून थोडी मारामारी झाली. मी पेटी जोडली, बटण दाबलं. ढोल सुरू झाला. चिमी त्याला येऊन मिळाली.

मला वाटलं होतं, गाणं पोरं आपोआप सुरू करतील. त्यांना सगळं पाठ आहे. पण कुणी तोंड उघडेना. सगळी त्या कोपऱ्याकडे बघत होती, तू पदर खोचून जिथे उभी राहायचीस तिथे. तिथे माझी देवळात न्यायची छत्री उभी केलेली. तिच्याकडे बघून गाणं कसं सुरू होणार? मग एकेक तोंड माझ्याकडे वळलं. चिवडा मागायला वळतात तशी नव्हे. 

आणि मी सुरू केलं. "एस.टी. आली..." पट्टी भलतीच वर लागली. आवाज फाटला. "धुळ्याची" वर माझ्या दोन्ही परीक्षा एकदम जाग्या झाल्या आणि मी तिथे एक हरकत घेतली, सुंदर, गोल, वळणाची. ती संपेपर्यंत ढोल पुढच्या थांब्यावर पोचला होता. खिडकीची ओळ आठवेना. आठवली तोवर तिची वेळ निघून गेली होती. एक पोरगं डब्यावर काठी रोखून माझ्याकडे बघत राहिलं. मी तोंडावर हात ठेवला आणि थांबले. वाटलं, आता दार उघडावं, सुट्टी म्हणावं, चिवडा द्यावा.

चिमीच्या काठ्या मात्र थांबल्या नव्हत्या. वाजवता वाजवताच तिने मान वर केली आणि म्हणाली,

"चुकलं तुमचं, आजी. पण थांबू नका ना, माझा ड्रम चालू आहे."